आत्याच्या अंकांची धुरी

मी कपाट उघडलं की बायको खिडकी उघडते. तोंडानं ती काही म्हणत नाही, पण खिडकीची कडी जरा जोरात सरकवते, तेवढ्यावरून मी काय ते समजून घेतो. महाळुंग्याच्या या उंच इमारतीत धुराचं खरं तर काही काम नाही. स्वयंपाकघरात गॅस आहे, गॅसवर धूर ओढणारं यंत्र आहे आणि खालच्या मजल्यावर कुणी धूप जरा जास्त घातला तरी सोसायटीच्या ग्रुपवर तक्रार येते. तरीही त्या लोखंडी कपाटाचं दार उघडलं की ओल्या लाकडाचा, निरगुडीच्या पाल्याचा आणि जुन्या शाईचा मिळून एक वास बैठकीत येऊन बसतो आणि जेवणं होईपर्यंत हलत नाही. सून म्हणते, बाबा, हे अंक एकदा बाल्कनीत पसरून वास घालवा ना. मी हो म्हणतो आणि कपाटाला कुलूप लावतो.

मागच्या हिवाळ्यात एका संस्थेकडून एक मुलगा आला होता. जुन्या मासिकांचे फोटो काढून ते संगणकावर जपून ठेवायचं काम ते लोक करतात. पांढरे हातमोजे घालून तो एकेक अंक उघडत होता आणि दर थोड्या वेळानं माझ्याकडं बघत होता. मुळशीचा पाऊस त्यालाही ठाऊक होता. त्याच्या मामाचं गाव धरणाच्या बाजूला, तिथं भिंतीवरची कॅलेंडरंसुद्धा बुरशी धरतात म्हणाला. 'काका, यांना कसर नाही, वाळवी नाही, पानं चिकटलेली नाहीत. तुम्ही लोकांनी केलं काय?' मी सांगितलं, धूर दिला. त्यानं ते लिहून घेतलं आणि पारंपरिक पद्धत वगैरे काहीतरी म्हणाला. माझी सगळी नोकरी पिरंगुटच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळण्यात गेली, त्यामुळे माल टिकवायचा कसा यावर मी त्याचं डोकं तासभर खाऊ शकलो असतो. पण तो धूर कुणाच्या छातीत गेला हे त्यानं विचारलं नाही, आणि मीही चहाचा कप पुढं केला.

आमचं गाव भुकूमच्या पुढं, पौडचा रस्ता सोडून डोंगराच्या अंगाला. हौसाआत्या, म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण, तिथं माघारी आली तेव्हा मी अगदी लहान होतो, पण ती बैलगाडी मला आठवते. आत्याचे यजमान, त्यांना आम्ही मामा म्हणायचो, पुण्यात एका छापखान्यात बाइंडिंगला होते. छापलेल्या कागदांच्या घड्या घालायच्या, त्या एकावर एक लावायच्या आणि दोऱ्यानं शिवून त्यांचा अंक करायचा, हे त्यांचं काम. जो अंक हातून गेला त्याची एक प्रत घरी न्यायची मुभा होती. मामा गेले, पोरबाळ नव्हतं, दिराला खोली हवी होती, आणि आत्या माहेरी आली. अशा बाईच्या गाडीत चार भांडी असतात, गोधड्या असतात. आत्याच्या गाडीत लोखंडी ट्रंका होत्या, आणि त्या उतरवताना गड्यांच्या कंबरेत उसण भरली तेव्हा अर्ध्या गावाला वाटलं की हौसानं सोनं आणलं. वडिलांनी ओट्यावरच पहिली ट्रंक उघडली. आत कागद. हौसा रद्दी घेऊन माघारी आली असं गाव पुढं कितीतरी वर्षं म्हणत राहिलं, आणि आत्याही हसून म्हणायची, व्हय बाई, माझ्या नवऱ्यानं मला रद्दीनं मढवली.

आजोबा गेल्यावर जमिनीला वारसांची नावं लागायची वेळ आली. आमच्याकडं बहिणी भावासाठी हक्क सोडतात. कुणी जबरदस्ती करत नाही, कारण तशी वेळच येत नाही. बहीण पौडला जाते, सही करते, भाऊ तिला लुगडं घेतो, येताना दोघं मिळून भेळ खातात, आणि माहेरचं दार जन्मभर उघडं राहील असं दोघंही धरून चालतात. आत्यानंही सही केली. फक्त सही करण्याआधी तिनं एक मागणं घातलं. चुलीवरचा माळा तिला हवा होता. ती असेतोवर तिचे अंक त्या माळ्यावर राहतील आणि त्यांना धुरी मिळेल, एवढा शब्द दे म्हणाली. वडिलांनी दिला. नंतर बरीच वर्षं ते ही गोष्ट पाहुण्यांना सांगून हसायचे, की बघा, बाईनं वाटणीच्या बदल्यात मागितलं काय, तर धूर.

पण मुळशीत पावसाळे काढलेल्या माणसाला ते मागणं वेडेपणाचं वाटणार नाही. आमच्याकडं पाऊस लागला की घरातली प्रत्येक वस्तू ओल धरते. मिठाचं पाणी होतं, चामड्यावर पांढरी बुरशी चढते, धुतलेलं धोतर अंगावरच वाळवावं लागतं. घरात कोरडी जागा एकच, चुलीवरचा माळा. त्याचा तळ कारवीच्या काटक्यांचा, फटीफटींतून चुलीचा धूर वर जायचा आणि कौलांतून बाहेर पडायचा. बियाण्याचं भात, कांदे, सुके बोंबील, सगळं तिथं असायचं, आणि त्या सगळ्याला एका कोपऱ्यात सरकवून आत्याचे अंक तिथं गेले. काजळी लागू नये म्हणून ती जुन्या लुगड्याच्या दुहेरी घडीत गठ्ठे बांधायची. मधे निरगुडीचा पाला आणि वेखंडाचे तुकडे. बारीक मासिकांना तारेच्या पिना असत, त्या गंजून कागद खायच्या. आत्यानं एकेक पीन सुरीच्या टोकानं उचकटून काढली आणि मामांकडून शिकलेला टाका घालून ते अंक दोऱ्यानं शिवले. जाड दिवाळी अंकांना मात्र तिनं सुई लावली नाही. ते मामांनी स्वतः शिवलेले होते.

उन्हाळ्यात आळीतल्या बायका खळ्यावर कुरडया-पापड घालायच्या तेव्हा आत्या आंब्याच्या सावलीत चटई टाकून अंक पसरायची. उन्हात नाही, उन्हानं कागद पिवळा पडून तडकतो. वाऱ्यात. पानं एकेक करून उलटायची, फुंकर मारायची, परत मिटायची. कावळे हाकायला बसलेली पोरं तिच्याभोवती जमायची, मग बायका यायच्या, मग पापड कावळ्यांच्या हवाली करून सगळेच अंक बघत बसायचे. गुळगुळीत कागदावरच्या बायकांचे अंबाडे, केसांच्या तेलाच्या जाहिराती, व्यंगचित्रांतले पोटसुटे नवरे. आमच्या घरी त्याला आत्याचं वाळवण म्हणायचे. आई त्या दिवशी आमसुलाचं सार करायची आणि खळ्यावर जमलेल्या सगळ्यांना पेल्यांतून द्यायची. तिला वाचता येत नव्हतं, पण स्वेटरच्या विणीची चित्रं ती फार बारकाईनं बघायची. आमच्या घरात लोकरीचा धागासुद्धा नव्हता.

मी वाचायला शिकलो तो त्या माळ्यावर. शाळेनं अक्षरं दिली असतील, पण वाचायची चटक तिथली. वर एक काचेचं कौल होतं, त्याखाली पोटावर पडून मी दुपारच्या दुपारी काढायचो. कौलांवर पावसाचा एकसारखा आवाज, खाली आईच्या भाकरीची थापथाप, मागं गोठ्यात म्हशीच्या गळ्यातलं लोढणं आदळतंय, आणि कुरडूच्या भाजीला लसणाची फोडणी बसली की तो वास कारवीतून थेट नाकात. क्रमशः कथांचे मधले अंक कधी नसायचे, कारण त्या महिन्यात मामा आजारी असतील किंवा काम दुसऱ्याच्या हातून गेलं असेल. मग राहिलेलं प्रकरण आत्या सांगायची. दर वेळी वेगळं. एकदा नायिका विहिरीतून वाचली, एकदा नाही. मी तक्रार केली की म्हणायची, तुला कुटली पायजे ती घे.

आता धुरीचं सांगतो, कारण ते सांगण्यासाठीच हे सगळं लिहायला घेतलंय आणि मघापासून मी वाळवणं आणि फोडण्या यांच्यात वेळ काढतोय. दोन वेळच्या स्वयंपाकाचा धूर अंकांना पुरत नसे. आषाढ लागला की रोज दिवेलागणीला, भाकरी चालू असतानाच, चुलीत ऐनाचं ओलं लाकूड सारायचं आणि निखाऱ्यावर निरगुडीचा पाला टाकायचा. पिवळट दाट धूर उठायचा आणि सावकाश वर चढायचा. वर पोचण्याआधी तो चुलीसमोर बसलेल्या माणसाला गाठायचा, आणि ते माणूस म्हणजे आई. लाकूड सारायचं काम माझं. मला ते आवडायचं, कारण धुरी चांगली झाली की आत्या रात्रीच्या जेवणाआधी एक अंक काढून द्यायची. आई पदर नाकाशी धरून भाकरी फिरवायची. डोळ्यांतून पाणी वाहत असायचं, आणि आम्हा सगळ्यांना ते पाणी चुलीइतकंच सवयीचं झालं होतं.

खोकला कधी सुरू झाला ते मला सांगता येणार नाही. आधी तो पावसाळ्यात यायचा आणि दिवाळीला जायचा. मग तो होळीपर्यंत राहू लागला. आईनं कधी माळ्याचं नाव काढलं नाही आणि ती काढणारही नव्हती, कारण वडिलांचं एक पालुपद ठरलेलं होतं. आक्कानं हक्क सोडलाय, तिला ह्या घरात काय कमी पडता कामा नये. आत्याला पहिली भाकरी, आत्याला खेकड्याचा मोठा डेंगा, आत्याची धुरी. बहिणीची वाटणी घेतल्याचं जे काही मनात डाचत असेल ते वडील असं रोज थोडं थोडं फेडत होते. फक्त फेडत होते ते आईच्या छातीतून. हे मला आज कळतं. तेव्हा मी ओलं लाकूड कुठलं जास्त धुरतं हे शोधत रानात फिरायचो.

मी नववीत असताना श्रावणात आईचा श्वास चुलीपुढंच अडकला. परातीत हात तसेच, तोंड उघडं, आणि आवाज नाही. वडिलांनी आणि शेजारच्या दोघांनी तिला खाटेवर घालून पावसातून रस्त्यापर्यंत नेलं, तिथून दुधाच्या गाडीतून पौडला. डॉक्टरांनी सुई दिली आणि सांगितलं, धूर बंद करा, नाहीतर पुढच्या वेळी गाडी कामाची नाही. ती दवाखान्यात होती तोवर आत्या रांधत होती, आणि त्या दिवसांत धुरी झाली नाही, त्याबद्दल कुणी काही बोललंही नाही. मग आई परत आली, चार दिवस पडून राहिली, आणि पाचव्या दिवशी आत्या नको नको म्हणत असताना उठून चुलीपुढं बसली. आमच्याकडं बाई उठून बसली म्हणजे बरी झाली.

त्या संध्याकाळी पाऊस सरळ धारेचा होता. सवयीनं मी ओलं लाकूड आणि पाला घेऊन आत आलो आणि चुलीशी थांबलो. वडील दाराजवळ दावं वळत होते. आत्या सुपात तांदूळ निवडत होती. डॉक्टर काय म्हणाले ते तिघांनाही ठाऊक होतं आणि मलाही. मी वडिलांकडं बघितलं. त्यांनी दाव्याचा पीळ उलगडून पुन्हा घालायला घेतला. शब्द त्यांनी दिलेला, तो मोडायचा कसा हे त्यांना सुचत नव्हतं आणि पाळायचा कसा हेही. आत्यानं सुपातून मान वर केली नाही. मी विचारलं, टाकू का? आईच म्हणाली, "टाक की. मला काय व्हतंय."

मी टाकलं. धूर उठला. आईनं पदराचा बोळा करून तोंडात धरला आणि खोकला आतल्या आत दाबू लागली. तिचे खांदे हलत होते, आवाज येत नव्हता. ती आमच्यापासून आवाज चोरत होती. तसं दाबून खोकणारं माणूस मी त्यानंतर पाहिलेलं नाही आणि पाहायची इच्छा नाही. आत्यानं सूप बाजूला ठेवलं, उठली, चुलीत हात घालून ते पेटतं लाकूड ओढलं आणि तसंच दाराबाहेर नेऊन पावसात टाकलं. परत आली तेव्हा तिची बोटं पोळलेली होती. ती आईच्या शेजारी खाली बसली.

"सरू, मला म्हाईत व्हतं," आत्या म्हणाली. "पयल्या सालापासनं म्हाईत व्हतं."

आईनं तव्यावरची भाकरी उलटली आणि मला पाणी आणायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी उघडीप मिळेल तसतसे आत्यानं गठ्ठे खाली काढले आणि इरल्याखाली धरून गोठ्यात नेले. म्हशींवर गोमाश्या बसू नयेत म्हणून पावसाळ्यात गोठ्यात धुरी करतातच. गोठ्याला वर पेंढ्याचा माळा होता. पेंढा एका बाजूला झाला, अंक दुसऱ्या बाजूला. तिसऱ्या दिवशी तिनं गोधडीही तिकडं नेली. धुरीवर लक्ष ठेवायला माणूस पाहिजे, नाहीतर पेंढा पेटायचा, असं तिचं म्हणणं, आणि ते खोटं नव्हतं. संध्याकाळी ती म्हशींच्या पायाशी लोखंडी पाटीत निखारे घेऊन बसायची. पदर तोंडाला लावायची नाही.

गावात बोभाटा व्हायला वेळ लागला नाही. किसननं विधवा बहिणीची जमीन लिहून घेतली आणि तिला गोठ्यात घातली. पिठाच्या गिरणीत म्हणू लागले, देवळात म्हणू लागले. मग एका संध्याकाळी मी धार काढत असताना वडील गोठ्याच्या दारात येऊन उभे राहिले.

"आक्का, घरात चल. लोक माझ्या तोंडात शेण घालत्यात."

"सरूच्या छातीवर मी आता बसनार न्हाई."

"मग अंक राहू देत हितं. तू चल. मी शब्द दिलाय तुला."

"शब्द तुझा व्हता, किसन. फेडला तिनं," आत्या म्हणाली. तिचा आवाज अजिबात चढला नव्हता.

वडिलांना ते लागलं. त्यांनी चौकटीला हात लावला. मग एकदम म्हणाले, "तुझं नाव लावतो. सातबाऱ्याला परत तुझं नाव लावतो, मग तर झालं?"

मला वाटलं आत्या नको म्हणेल. वडिलांनाही तसंच वाटलं असणार. असं काही म्हटलं की समोरच्यानं नको म्हणायचं असतं, आमच्या घरांतली निम्मी भांडणं त्याच्यावरच मिटतात. आत्यानं निखाऱ्यावर पाला टाकला आणि म्हणाली, "लाव."

आईला रात्री कळलं तेव्हा ती फक्त एवढंच म्हणाली, की मग उद्याच जा, आणि करूनच या. सकाळी वडिलांबरोबर मीही पौडला गेलो, मला शाळेची वही घ्यायची होती. तलाठी खोलीत बसलेले होते. बाहेरून दिसत होते. समोर कुणी नव्हतं. वडील दारापर्यंत गेले, टोपी काढून पुन्हा घातली, मग मला म्हणाले चहा घेऊ. चहा घेतला. भजी घेतली. मग ते रस्त्याच्या पलीकडं जाऊन लिंबाखाली उभे राहिले आणि त्या दाराकडं बघत राहिले. वडील वाईट माणूस नव्हते. खाचराच्या बांधावरून त्यांनी कधी कुणाची वीतभर जमीन दाबली नाही, उलट भांडण नको म्हणून सोडली असेल. पण आपल्या नावाखाली दुसरं नाव, मग ते बहिणीचं का असेना, आपल्या तोंडानं लिहायला सांगायचं, ही गोष्ट त्यांच्या पायांना जमेना. परतीच्या गाडीत ते म्हणाले, लई गर्दी व्हती. मी खिडकीतून बाहेर बघत होतो.

घरी आल्यावर ते आधी गोठ्यात गेले आणि आत्याला म्हणाले, तलाठी भाऊसाहेब भेटले नाहीत. आत्या बरं म्हणाली. त्यानंतर तिनं कधी विचारलं नाही. आईनंही विचारलं नाही. वडिलांना ताट वाढलं, आणि आमटी वाढताना पळी जरा जोरात आपटली इतकंच.

त्या खाचरांवर आता इमारती आहेत. वडिलांनंतर ती माझ्या नावावर आली, मी ती विकली, आणि त्याच पैशात हे घर झालं. आत्या तेव्हा नव्हती. कायद्यानं बघितलं तर कुणाचं काही लागत नाही, मुलानंही वकिलाला विचारून घेतलं होतं. पण कपाट उघडून बसलो की मला या घरात पाहुणा असल्यासारखं वाटतं, आणि तेही न बोलावता आलेला. मी हे बायकोला एकदा सांगितलं. ती म्हणाली, मग काय करता, देता का कुणाला? देणार कुणाला? आत्याच्या मागं कुणीच नाही. हे मला सोयीचं पडतं हेही मला कळतं.

आत्या पुढं बरीच वर्षं जगली, गोठ्यातच. वडिलांनी तिला तिथं भिंत घालून खोली करून दिली, खिडकी ठेवली, नंतर वीजही घेतली. आईचा खोकला पुरता गेला नाही, पण ती म्हातारी झाली, नातवंडं खेळवली. रोज दुपारी ती गोठ्यात जाऊन आत्याशेजारी बसायची, आणि आत्या तिला क्रमशः कथा वाचून दाखवायची. खोकायची आता आत्या.

तर आत्या गोठ्यात गेली त्या वर्षीची दिवाळी आली. आत्या फराळाच्या दिवशी घरात येऊन करंज्या करून गेली, पण जेवायला गोठ्यातच. भाऊबीजेच्या आदल्या दिवशी वडील कुणाला न सांगता पुण्याला गेले. दरवर्षी ते पौडहूनच लुगडं आणायचे, त्यामुळे आईला नवल वाटलं. सकाळी पाट मांडला, रांगोळी घातली. आत्या आंघोळ करून आली, निरांजन लावलं, भावाला ओवाळलं. वडील मान खाली घालून बसले होते. सुपारी आणि आरती फिरवून झाल्यावर त्यांनी पाटाखालून कागदात गुंडाळलेलं काहीतरी काढलं आणि ताटात ठेवलं. आत्यानं कागद सोडला. आत नवा कोरा दिवाळी अंक होता. चांगला जाड, मुखपृष्ठावर हातात दिवा घेतलेली बाई, शाईचा वास इकडं माझ्यापर्यंत आला. माझा बाप, ज्यानं जन्मात कधी पुस्तकाच्या दुकानाची पायरी चढली नव्हती, तो पुण्यात जाऊन कुणाला तरी विचारत विचारत दुकान शोधून हे घेऊन आला होता. आम्ही सगळे आत्याच्या तोंडाकडं बघत होतो, आणि सर्वांत जास्त तेच बघत होते.

आत्यानं हात पदराला पुसले. अंक उघडला, पानं चाळली, मधे एका चित्रापाशी थांबली, पाठीच्या शिवणीवरून बोट फिरवलं. चांगला हाय म्हणाली. मनापासून म्हणाली, तेवढं मला कळत होतं. मग तिनं तो मिटला, कागदात पुन्हा नीट गुंडाळला आणि वडिलांच्या हातात दिला.

"तुझ्या घरात ठेव, किसन," ती म्हणाली. "माझ्याकडं जागा न्हाई."

तोपर्यंत आत्याच्या तोंडून मी त्या घराला 'आपलं घर' सोडून दुसरं काही ऐकलेलं नव्हतं. आईनं झटकन माझ्याकडं बघितलं, म्हणजे तिलाही ते ऐकू आलं होतं. वडील अंक दोन्ही हातांत धरून पाटावर बसले होते. निरांजनाची वात वाकडी झाली होती, ती आत्यानं काडीनं सरळ केली आणि ताट उचललं. वडील बरं म्हणाले.